मावशीच्या पंखाखाली

३ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हणून हे पत्र. पत्र फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि तू पाकीट न उघडता फेकणाऱ्यांतली नाहीस. विजेचं बिलसुद्धा मागून-पुढून वाचणारी बाई आहेस. मासे घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय, तो परतताना मुख्य कचेरीत पोचवेल. पाकिटाला थोडा वास येईल, सोसून घे.

आधी कामाचं. मावशीच्या अंगावर उवा आहेत.

लगेच नाक मुरडू नकोस. हे वाचल्याबरोबर तुझा हात डोक्याकडे गेला असणार, माहितीये मला. तसल्या नव्हेत. पिसांतल्या आहेत, तिळाहून बारीक, चपट्या, करड्या. काल तिची नखं कापताना पंख उचलला तर आतल्या बाजूला पिसाच्या दांडीशी ओळीनं बसलेल्या. मी ओरडलेच. तुझ्या जागी आलेला नवा डॉक्टर धावत आला, त्याला वाटलं मला चोच लागली. चोचही लागली होती, पण ते मला रक्त बघितल्यावर कळलं.

मावशी तुला आठवत नसेल तर आठवण करून देते, कारण तू मोठी साहेब झाल्यापासून तुला पक्षी आकड्यांनी आठवतात. शेवटच्या कुंपणातली ढोकाची म्हातारी मादी. पंख फाटून लोंबत होता अशी आली होती. टाके तूच घातलेस, आणि छान घातलेस, अजून ओळ दिसते. दलदलीत एकही तांबमान ढोक उरला नाही आणि जे होते ते सगळे आपण जाळीच्या आत आणले, तेव्हा दारातच प्रत्येकाला किडे मारायची पावडर लागली होती. पंख उचलायचा, डबा झटकायचा, पुढचा आणा. तुझाच नियम. आजार आत येऊ नये म्हणून. एक मावशी तेवढी राहिली, कारण उघड्या जखमेवर पावडर चालत नाही. टाके सुटले की लावू म्हणालीस. मग तुझी बढती झाली.

त्या उवा मी रात्रभर डोळे फोडून तपासल्या, जुन्या संग्रहातल्या बाटल्या काढून ताडून पाहिल्या. मी किडे शिकले आणि तू जनावरं, तेव्हा एवढं माझं ऐक. ही ऊ दुसऱ्या कुठल्याही पाखरावर राहत नाही. बगळ्यावर नाही, करकोच्यावर नाही, तांबमान ढोकावरच. बाकी सगळे ढोक आपण धुऊनपुसून लख्ख केलेत. म्हणजे या जगात ती आता एका म्हातारीच्या पंखाखाली आहे, आणि बहुतेक दुसरीकडे कुठेच नाही.

एप्रिलअखेर तपासणी आहे. तपासणीआधी सगळ्यांना पुन्हा पावडर लागते. मावशीला लावायची नाही, एवढं एका ओळीत लिहून पाठव. एवढंच मागणं आहे.

आणखी एक. आईची फणी तुझ्याकडे आहे. ती मला हवी. बाकी तू काय काय फेकलंस ते फेकलंस.

तुझी ऊबाई

(शाळेत हे नाव पडलं ते कुणामुळे? उवा तू आणायचीस, बदनाम मी व्हायचे.)


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर मिळालं. नवा डॉक्टर ते हातात घेऊन दारात उभा होता, आत येईना. शेवटी मीच ओढून घेतलं. दोन वाक्यं. ‘मावशीला नियमाप्रमाणे पावडर लावावी. फणी फेकली.’

सही मात्र सुरेख केली आहेस.

तुला कळवायला वाईट वाटतं, पण पावडरीचा डबा सापडत नाहीये. सगळ्यांनी शोधला. कोठार पालथं घातलं, माशांच्या बर्फपेटीतसुद्धा बघितलं. मीही शोधत होते, सगळ्यांच्या पुढे. नवा पाठवशीलच तू, पण आपल्या कचेरीत एक डबा मंजूर व्हायला किती सह्या लागतात ते तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

ताई, मला तुझं म्हणणं कळतं. आधी पक्षी जगू दे, बाकीचं मग बघू. पक्षीच गेला तर ऊ जाणारच आहे. बरोबर. आपण पाहुण्यांसमोर हेच भाषण करतो ना? एक पक्षी गेला की त्याच्या जिवावर जगणारे मागोमाग जातात. पिवळ्या चिमणीचं उदाहरण देतो. ढोकाच्या मोठ्या घरट्याच्या तळाशी, काटक्यांच्या आत ती घर करायची. ढोक गेले, घरटी गेली, चिमणी गेली. तिला कुणी पकडून आणलं नाही, तिच्यासाठी जाळी नव्हती, पैसेही नव्हते. लोक हळहळतात, मान हलवतात, आणि बाहेर पडताना ढोकाचं चित्र असलेली पिशवी विकत घेतात.

पण इथे तर पक्षी गेलाच नाही! पक्षी मजेत मासे खातोय. त्याला आपण वाचवलं, आणि वाचवता वाचवता दारातच त्याच्यावर जगणाऱ्यांचा निकाल लावला. हे कुठल्या भाषणात बसवायचं? आणि त्या उवेच्या पोटात एक जिवाणू आहे, तो त्या पोटाबाहेर जगतच नाही. त्याला कुणी नावही दिलेलं नाही. तुझ्या एका डब्यात किती जणांची तिरडी बांधली जाते बघ.

तू म्हणशील, ऊ कशाला हवी? काय उपयोग तिचा? खरं सांगू, मला माहीत नाही. ढोकाला तिचा फारसा त्रास नाही, मेलेल्या पिसांचे कण खाते. उपयोग विचारायचाच तर ढोकाचा तरी काय आहे? तो ना दूध देतो ना अंडी विकायला देतो. आपण त्याच्यामागे आयुष्य घातलं कारण तो होता. ऊसुद्धा आहे. देखणी नाही एवढाच तिचा गुन्हा.

फणीबद्दल. तू फेकली नाहीस. खोटं बोलताना तुझी वाक्यं लहान होतात, हे आईनंच मला सांगितलं होतं.

आणि फेकली असशील तर शाबास. तीही एका दिवसात, त्या सगळ्याबरोबर. आई गेल्यावर मी घरी पोचले तेव्हा तिच्या खोलीतली फरशी अजून ओली होती. कपाट गेलेलं, गादी गेलेली, खिडकीतले तिचे डबे गेलेले. फिनेलच्या वासानं डोळे झोंबले. मी रडतेय असं तुला वाटलं आणि तू म्हणालीस, ‘फिनेलमुळे होतं तसं, खिडकी उघड.’ खिडकी उघडी होती, ताई. मी तुला तेव्हा काही बोलले नाही. आता बोलतेय. तुला घाण दिसली की तुझे हात शिवशिवतात आणि घाण म्हणजे काय हे नेहमी तूच ठरवतेस.

ऊबाई


६ मार्च

ताई,

भांडण क्षणभर बाजूला ठेवते. आज विनंती आहे, आणि विनंती करायची मला सवय नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा सांभाळून घे.

मावशी थकली आहे. मासा समोर टाकला तरी आधी बघत बसते. नवा डॉक्टर म्हणतो, वय झालं. पावडर नाही लावली तरी ती काही फार दिवसांची नाही, आणि ती गेली की उवाही तिच्याबरोबर जाणार. अंग थंड झालं की त्या जगत नाहीत. त्यांना पंख नाहीत, उडी मारता येत नाही. त्या चालत जातात, पिसावरून पिसावर, अंगाला अंग लागलेलं असेल तरच. आईच्या अंगावरून पिल्लाच्या अंगावर, घरट्यात. त्या ढोकांवर किती पिढ्या राहिल्या असतील, सगळ्या अशाच.

आणि आपल्याकडे घरटंच नाही. अंडं घातलं की आपण उचलून मशीनमध्ये ठेवतो, मादीखाली लाकडाचं रंगवलेलं अंडं सारतो, म्हणजे ती बसून राहते. पिल्लू बाहेर आलं की हातात ढोकाच्या तोंडाचा मोजा घालून भरवतो, म्हणजे त्याला माणसाचा लळा लागत नाही. सगळं अगदी शहाणपणाचं आहे. पण त्या मोज्यावर उवा नसतात, ताई. पावडर नसती तरी आपण ही साखळी तोडलीच असती.

मावशी आत्ता लाकडाच्या अंड्यावर बसली आहे. तिचं स्वतःचं पोकळ निघालं होतं. पण बसते काय निगुतीनं! उलटवते, चोचीनं गवत सारखं करते, कुणी जवळ गेलं की अंगावर येते. शेजारच्या कुंपणातल्या जोडीनं पाच-सहा दिवसांपूर्वी अंडं घातलंय आणि ते भरलेलं आहे, मी उजेडासमोर धरून बघितलं. ते एक अंडं मावशीखाली ठेवू दे. पिल्लू बाहेर येईल, तिच्या पंखाखाली बसेल, आणि ज्यांना चालत जायचंय त्या जातील.

धोका आहे. मला दिसतो. म्हातारी आहे, मध्येच उठली तर अंडं गार पडेल. पिल्लाला टोचेल. मशीन असलं काही करत नाही. पण ती बसते, मी रोज बघते. मी दिवसभर कुंपणापाशी खुर्ची टाकून बसेन. अंड्याला जरा काही झालंसं वाटलं तर उचलून मशीनमध्ये ठेवेन. शब्द देते.

एक अंडं, ताई. हो म्हण.

तुझी धाकटी


१५ मार्च

ताई,

‘नाही’ मिळालं. मोठ्या अक्षरात लिहायची गरज नव्हती, मला चष्मा लागला असला तरी अजून दिसतं.

ठीक आहे. तू वरची, मी खालची. अंडं नियमाप्रमाणे मशीनमध्ये आहे. तिसऱ्या खणात. अगदी शांत आहे. इतकं शांत अंडं मी बघितलं नाही.

इकडे बरं चाललंय. मी हल्ली मावशीच्या कुंपणापाशी खुर्ची टाकून बसते, तिथे वारा छान लागतो. चहाही तिथेच घेते. नवा डॉक्टर विचारतो, इथेच का? म्हटलं, पाठ दुखते.

तुझा गुडघा कसा आहे? आई असती तर तिच्याकडून कळलं असतं. तिला विचारायचे तुझं, आणि तू तिला माझं.

ऊबाई


२ एप्रिल

ताई,

तू नव्या डॉक्टरला फोन करून विचारलंस की तिसऱ्या खणातल्या अंड्याचं वजन घटत का नाही. अंडं आतून सुकत जातं, रोज थोडं हलकं होतं. पंधरा दिवसांत हे अंडं तसूभरही हलकं झालेलं नाही. कचेरीत बसून तुझ्या हे लक्षात आलं, इथे रोज तोलणाऱ्याच्या नाही. मानलं तुला. अजून तीच आहेस.

ताई, लाकडाचं वजन घटत नाही.

त्या पोराला बोलू नकोस. तो रोज लाकडाचं अंडं फुलासारखं उचलतो, तराजूवर ठेवतो, पुन्हा फुलासारखं ठेवून देतो. उजेडासमोर धरून बघायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. मी त्याला काही सांगितलं नाही. हे माझं एकटीचं आहे आणि मी ते तुला लिहून देतेय, हवं तर फाइलला लाव.

खरं अंडं मावशीखाली आहे. तुझं ‘नाही’ आलं त्याच संध्याकाळी ठेवलं.

आता तुझा फोन येतोय. या क्षणी, हे लिहिताना, टेबलावर थरथरतोय. आई गेल्यापासून पहिल्यांदा. उचलत नाही. उचलला तर तू बोलशील, आणि तू बोललीस की माझ्यातली लहान बहीण उभी राहून ‘हो ताई’ म्हणते. मला आत्ता ती नकोय.

तू काय म्हणणार ते मीच लिहून टाकते. एका उवेसाठी तू एक ढोक पणाला लावलास. हो, लावला. एवढे थोडे ढोक उरलेत आणि त्यातलं एक अंडं मी म्हाताऱ्या पाखराखाली सारलं. परवा गार वारा सुटला होता तेव्हा ती उठून पाण्याशी गेली आणि परत येईना. अंडं उचलायला कुंपणाचं दार उघडलं तर आली धावत, पंख पसरून, मला दोन ठिकाणी फोडून काढलं आणि बसली अंड्यावर. मी दाराबाहेर उभी राहून तिला वाट्टेल ते बोलले. मग हसले. मग जरा रडलेही, फिनेल नसताना.

हे वाईट ठरलं तर दोष माझा. पण आपण काय वाचवतोय ते एकदा नीट बघ. ढोक म्हणजे नुसता ढोक कधी नव्हताच. त्याच्या घरट्यात चिमणी होती, पिसांत ऊ होती, उवेच्या पोटात आणखी कुणी होतं. एवढी सगळी वस्ती अंगावर घेऊन तो दलदलीत उभा राहायचा. आपण त्याला भाडेकरू काढून टाकलेल्या इमारतीसारखा रिकामा केला आणि वर पाटी लावली, ‘वाचवला’.

अंडं आता हलवू नकोस. आतून टकटक सुरू व्हायला थोडेच दिवस आहेत, आत्ता उचललं तर ते जाईल. हे मी धमकी म्हणून सांगत नाही, तूही जाणतेस. माणसं पाठवलीस तर दारात मी आहे आणि आत मावशी. आमच्या दोघींत जास्त कोण चावतं ते नव्या डॉक्टरला विचार.

ऊबाई


२५ एप्रिल

ताई,

माणसं पाठवली नाहीस. का, ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही.

पिल्लू बाहेर आलं. राखाडी, ओलं, रागीट. सगळं डोकंच. मावशीनं त्याला एकदाही टोचलं नाही. पहिल्या दिवशी ते तिच्या पंखाखालून डोकं काढायचं आणि ती चोचीनं पुन्हा आत ढकलायची, थंडी वाजेल म्हणून. तू मला तसंच करायचीस, शाळेच्या वाटेवर, टोपी खाली ओढून. आठवतं?

मावशी काल दुपारी गेली. बसल्या बसल्या. मान पंखावर टाकली होती, झोपल्यासारखी, आणि पिल्लू तिच्या खालून ओरडत होतं. नवा डॉक्टर म्हणाला, “पिल्लू लगेच काढून घेऊ या, मॅडम. गारठेल.”

मी म्हटलं, “जरा थांब.”

“पण नियम…”

“थांब म्हटलं ना!”

तो थांबला. मी कुंपणात बसले आणि मावशीच्या पाठीवर दिव्याची ऊब धरली, म्हणजे खालचं पिल्लू गारठणार नाही आणि तिचं अंगही सावकाश थंड होईल. अंग थंड व्हायला लागलं की उवा ऊब शोधत निघतात, आणि मला त्यांना वेळ द्यायचा होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई मेलेल्या पाखराला शेक देतेय. नव्या डॉक्टरला तसंच वाटलं असावं. त्यानं माझ्यासाठी चहा आणून ठेवला.

तिथे बसल्यावर आईचं आठवलं. आई गेली म्हणजे एक बाई गेली असं मला इतके दिवस वाटत होतं. नाही गं. तिच्या अंगावर किती काय जगत होतं! तिच्या डब्यांची ती जागा, तिचे दोन-तीन शब्द जे दुसरं कुणी वापरत नाही, दुपारी अडीच वाजता दार लोटून येणारी शेजारीण. ती शेजारीण आता कुठे जाते? आणि आपण दोघी. आपण एकमेकींशी बोलतच नव्हतो, ताई. कित्येक वर्षं नव्हतो. तू आईशी बोलायचीस, मी आईशी बोलायचे, आणि ती बसल्या जागी इकडचं तिकडे करायची. तुझी बढती मला तिनं सांगितली. माझं आजारपण तुला तिनं सांगितलं. ती गेली आणि तिच्यावर जगणारं हेही गेलं. घर रिकामं करण्यावरून आपलं फाटलं असं आपण म्हणतो. ते निमित्त होतं. फाटायला आधी शिवण तरी कुठे होती?

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. मला राग आलाय. एक म्हातारी मेली म्हणून सगळं मागोमाग मुकाट जायचं, हे मला मान्य नाही. ढोकाच्या बाबतीत नाही आणि आपल्या बाबतीतही नाही. ऊ चालत जाऊ शकते, एवढीशी ऊ. मग आपल्याला काय धाड भरली आहे?

पिल्लू आता मशीनच्या खोलीत आहे, दिव्याखाली. त्याच्या अंगावर काही गेलं का, ते मला माहीत नाही. मी अजून त्याचा पंख उचललेला नाही. धीर होत नाही. सगळ्या जगाशी भांडले आणि आता एक बोटभर पंख उचलवत नाही, हस तू.

तपासणीला तू स्वतः येणार असं कळलं. नव्या पिल्लाला खोलीत घेतल्यावर पावडर लागते हेही मला माहीत आहे, आणि तुझा नवा डबा मंजूर झालाय हेही. ये. मी दारात असेन.

ऊबाई


४ मे

ताई,

तू गेलीस त्याला चार दिवस झाले. सामान बांधतेय. खोलीत माझं असं फार काही नाही, सूक्ष्मदर्शक सरकारी आहे, खुर्ची सरकारी आहे. कुंपणापाशी बसून बसून तिची एक पट्टी तुटली ती मात्र माझी.

तू केलंस ते बरोबर केलंस. मी नियम मोडला, वरिष्ठांना खोटं कळवलं, डबा लपवला (तो कुठे होता ते तू विचारलंच नाहीस, तुझ्या जुन्या टेबलाच्या खणात होता). तुझ्या जागी मी असते तर मीही मला काढलंच असतं. मी तुझ्या जागी नाही हे एक बरं आहे.

पण मला त्या सकाळचं लिहून ठेवायचंय, कारण तू ते कुणाला सांगणार नाहीस.

तू आलीस तेव्हा मी दारात उभी होते, दोन्ही हात चौकटीला लावून. तुझ्या हातात नवा डबा होता. केवढी बारीक झाली आहेस! मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. तू म्हणालीस, “बाजूला हो.”

मी म्हटलं, “नाही.”

“मला पिल्लू बघायचंय.”

“डबा बाहेर ठेव.”

तू माझ्याकडे बघितलंस. मग डबा जमिनीवर ठेवलास, झाकण घट्ट आहे का ते एकदा दाबून बघितलंस, आणि आत गेलीस. हात धुतलेस, कोपरापर्यंत, तसेच नेहमीसारखे. पिल्लाला एका हातानं असं उचललंस की ते ओरडलंसुद्धा नाही. माझ्या हातात ते तासभर किंचाळतं. पंख उचललास, भिंग डोळ्याला लावलंस. नवा डॉक्टर कोपऱ्यात उभा होता. मी खिडकीबाहेर बघत होते, मला बघवत नव्हतं.

मग तू म्हणालीस, “लिखा आहेत.”

ताई, अगदी आईच्या आवाजात. माझं डोकं तिच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये, खिडकीतला उजेड, आणि वरून तिचं हेच, वैतागलेलं आणि जरासं जिंकल्यासारखं, ‘लिखा आहेत.’ नुसत्या उवा चालत आल्या नाहीत, त्यांनी तिथे अंडीही घातली. संसार मांडला. मी तिथेच खाली बसले. तू मला उठवलं नाहीस. पिल्लू ठेवून दिलंस, पुन्हा हात धुतलेस, कागदावर लिहायला बसलीस आणि लिहिता लिहिता नव्या डॉक्टरला म्हणालीस, “याला पावडर लागणार नाही. वाढलं की पहिल्या विणीच्या हंगामात याचं अंडं याच्याखालीच राहील. लिहून घ्या.” मग दुसरा कागद काढलास आणि तो माझ्या हातात दिलास. तो माझा होता. नोकरी संपल्याचा. दोन्हींवर सही तितकीच सुरेख.

मी तिथे रडले नाही, आत्ताही रडत नाहीये. नोकरी गेली तर गेली. दुसरीकडे कुठेतरी कुणीतरी शेवटचं कासव लख्ख घासत असेल, तिथे जाऊन दारात उभी राहीन. मी लगेच सोडणाऱ्यांतली नाही.

आता तुला जे सांगायचंय ते.

तू गेल्यावर नवा डॉक्टर रुमालाची एक पुरचुंडी घेऊन आला. म्हणाला, “मॅडम विसरून गेल्या, हात धुवायच्या जागी होतं.” तू आयुष्यात कधी काही विसरलेली नाहीस.

फणी आहे. तीच, एका टोकाला दोन दात तुटलेली. मी ती उजेडाकडे धरली, सवयीनं, अंडं धरतो तशी. दातांच्या मुळाशी मळ आहे. आणि मधोमध एक केस अडकलाय, लांब, पांढरा.

तू, जिनं आख्खं घर एका दिवसात फिनेलनं धुऊन काढलं. तू ही फणी धुतली नाहीस.

मी ती परत देणार नाही. हवी असेल तर फोन कर आणि माग. उचलेन.

धाकटी